कायद्याला वर्धा ओलांडावी लागते

अकोल्याच्या वर्गात एका माणसाने मला सरळ प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्यापाशी नव्हते. "पाहून सांगतो" म्हटले असते तर काही बिघडले नसते. मी त्याची थट्टा केली. वर्ग हसला, आणि ते हसणे हेच उत्तर आहे असे सगळ्यांनी धरले. त्यानेही धरले, आणि सरळ माणूस असल्यामुळे तसा अंमलही केला. त्यापायी हाताशी आलेली त्याची तहसीलदारी गेली. चूक माझी होती, शिक्षा त्याला झाली.

त्याचे नाव पुंडलिकराव ठोंबरे. या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतल्या गमती लिहायला सांगितले आहे. गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या एकदोन लिहितोही. पण ठोंबऱ्यांना वगळून गमती सांगण्याचे काम मी आजवर पुरेसे केले आहे.

माझी नोकरी काय होती हे आधी सांगायला हवे, कारण असलीही नोकरी असते हे खुद्द सरकारी माणसांनाही ठाऊक नसे. मी नांदगाव पेठेजवळचा. घरचा मळा, वांगी, मेथी आणि सणासुदीला झेंडू अमरावतीच्या बाजारात जायचा. मी शिकलो आणि नागपूरच्या सेक्रेटरिएटात कायदे खात्यात कारकून झालो. प्रांताच्या वतीने दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसणाऱ्या एका सरकारी सभासदाबरोबर काही बैठकींना मला धाडले गेले. साहेब सभागृहात बसत, मी मागे कागदांची बोचकी घेऊन. बिल कसे मांडतात, त्याची वाचने कशी होतात, मतविभागणीच्या वेळी सभासद कोणत्या दारातून जातात, प्रश्नोत्तरांच्या तासाला सरकारची कशी तारांबळ उडते, हे मी तिथे बसून पाहिले.

घरी आल्यावर वडिलांना सांगितले, की तिथे निवडून आलेला माणूस उभा राहून प्रश्न विचारतो आणि सरकारला उत्तर द्यावेच लागते. वडील झेंडूच्या पाट्या बांधत होते. ते म्हणाले, "आन् उत्तर खोटं निंगालं त मंग?"

मी म्हणालो, "खोटं नसते बाबा. कमी असते."

तेव्हा मला हे वाक्य फार चतुर वाटले होते.

दिल्लीत विचारलेला प्रश्न पायऱ्या उतरत खाली येतो. दिल्लीहून नागपूर, नागपूरहून अमरावतीला कमिशनर, तिथून डेप्युटी कमिशनर, तिथून तहसील, आणि शेवटी एखाद्या गावचा पटवारी. उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढते. मधल्या प्रत्येक पायरीवर एक माणूस बसलेला असतो, आणि हा कागद कुणाचा, कशासाठी, याची त्याला कल्पना नसते. चांदूर रेल्वेच्या तहसीलीने एकदा असा एक प्रश्न परत पाठवला होता. 'अर्जावर कोर्ट फीचा स्टॅम्प नाही, अर्जदाराने समक्ष हजर राहावे' असा शेरा होता. अर्जदार म्हणजे दिल्लीचे सन्माननीय सभासद. तो कागद नागपूरला आला तेव्हा आमचे सुपरिंटेंडेंट हसले नाहीत. ते म्हणाले, "यांना शिकवायला हवे. तुम्ही वऱ्हाडचे, तुम्हीच जा."

म्हणून मी गेलो. अमरावती आणि अकोला इथे आळीपाळीने वर्ग भरत. समोर नायब तहसीलदार, हेडक्लार्क, नाझर अशी वयाने माझ्यापेक्षा मोठी, जबाबदार माणसे. ती मला मास्तर म्हणत, थोड्या थट्टेने आणि थोड्या आदराने.

अमरावतीच्या शाळेतल्या हॉलमध्ये मी एकदा लुटुपुटूचे कायदेमंडळ भरवले. अर्धे लोक सरकार पक्ष, अर्धे विरोधी. नेमके त्या दिवशी डेप्युटी कमिशनर साहेब पाहायला आले आणि मागच्या बाकावर बसले. विरोधकांनी भाषणे बरी केली. प्रत्येकाने सुरुवातीला "सरकारच्या हेतूविषयी शंका नाही" असे म्हटले. मग मी मतविभागणी पुकारली. 'होय'वाल्यांनी पूर्वेच्या दाराने जायचे, 'नाही'वाल्यांनी पश्चिमेच्या. विरोधी पक्ष उठला आणि सरकारी पक्षाच्या मागोमाग पूर्वेच्या दाराने बाहेर गेला. साहेबांच्या देखत 'नाही'च्या दाराने जायचे कसे? एक हेडक्लार्क तर म्हणाले, "मास्तर, दारात उन्ह लय होतं तिकडं."

एकटा माणूस पश्चिमेच्या दाराने गेला. तो अकोल्याहून कामानिमित्त आला होता आणि वर्गात बसू का असे विचारून बसला होता. उंच, काळासावळा, धोतरावर बंद गळ्याचा कोट. मी त्याला नाव विचारले.

"ठोंबरे. तुमी मले विरोधात बसवलं ना? मंग विरोधातच जाईन."

साहेब मोकळेपणी हसले. मला मात्र तो माणूस थोडा अवघड वाटला, हे खरे.

पुढल्या खेपेला अकोल्याच्या वर्गात ठोंबरे रीतसर आले. काळ्या कसदार जमिनीचे शेतकरी घराणे, घरात सरकारी नोकरी करणारे हे पहिलेच. नायब तहसीलदार होते आणि तहसीलदारीसाठी त्यांचे नाव वर गेलेले होते. मला आठवते, मी त्या दिवशी कायदा तयार होण्याच्या शेवटच्या पायरीवर होतो. दोन्ही सभागृहांत बिल मंजूर झाले, गव्हर्नर जनरलने संमती दिली, गॅझेटात छापून आले, की तो कायदा झाला. मग दिल्ली असो की दर्यापूर, सर्वांना सारखा. हे मी ऐटीत म्हणालो. ठोंबरे उभे राहिले.

"मास्तर, दिल्लीचा कायदा आपल्या वऱ्हाडात तसाच चालते का? का त्याले काई अलग लागते?"

आता ज्यांना वऱ्हाडची जुनी कुळकथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कागदोपत्री वऱ्हाड हा इंग्रजांचा मुलूखच नव्हता. मालकी हैदराबादच्या निजामाची, इंग्रजांकडे तो कायमच्या पट्ट्याने आलेला, आणि कारभार मध्यप्रांताला जोडलेला. त्यामुळे दिल्लीला कायदा झाला, तो नागपुरात आणि वर्ध्यात लागू झाला, तरी वर्धा नदीच्या अलीकडे तो आपोआप लागू होत नसे. त्यासाठी निराळा जाहीरनामा काढावा लागे, आणि तोही परराष्ट्र खात्याकडून. म्हणजे अकोल्याच्या माणसाला कायदा मिळायचा तो परदेशी माणसाला मिळावा तसा. पुलगाव स्टेशन सोडून गाडी पुलावर आली, की डब्यातल्या माणसांना काही कळत नसे, पण कायद्याच्या दृष्टीने ती दुसऱ्या राज्यात शिरत. अलीकडे कारभाराची घडी बदलली आणि ही भानगड राहिली नाही. पण तेव्हा होती.

हे मला ठाऊक होते की नव्हते? दिल्लीत मी वऱ्हाडच्या नावाची वेगळी बोचकी वाहिली होती. ठोंबऱ्यांनी विचारले तेव्हा ती बोचकी मनात हलली. पण तो नियम सगळ्याच कायद्यांना आहे की काहींना, दुरुस्तीलाही आहे का, हे नक्की सांगता येईना. समोर सगळा वर्ग पाहत होता. मी स्वतः वऱ्हाडचा, दिल्ली पाहून आलेला. मला 'ठाऊक नाही' म्हणवेना.

मी म्हणालो, "ठोंबरे, कायद्याला काय वर्धेच्या पुलावर तिकीट काढावे लागते?"

वर्ग खो खो हसला. ठोंबरे खाली बसले. त्या दिवसापासून कचेरीत त्यांना 'तिकीटवाले' म्हणू लागले. खरी गोष्ट अशी, की कायद्याला वर्धेच्या पुलावर तिकीटच काढावे लागत होते.

त्या वर्षी कापसाचा हंगाम लागला तेव्हा कारखान्यांच्या कायद्याची एक दुरुस्ती दिल्लीत मंजूर झालेली होती. जिनांमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकणाऱ्या बायांना दिवेलागणीनंतर कामावर ठेवायचे नाही, असा तिचा एक भाग होता. जिनांवर नजर ठेवायचे जादा काम ठोंबऱ्यांकडे होते. त्यांनी गॅझेट वाचले, माझा वर्ग आठवला, आणि अकोल्याजवळच्या एका मोठ्या जिनात जाऊन संध्याकाळी रेचे थांबवले. आवारात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, ढीग लागले होते. मुनीमजींनी आर्जवे केली, मग दम दिला. ठोंबऱ्यांनी गॅझेट दाखवले आणि बायांना घरी पाठवले. जवळपासच्या जिनांनीही मग रेचे लवकर थांबवायला सुरुवात केली.

हे काही दिवस चालले. मग जिनाच्या शेटजींनी अकोल्यातला एक जुना वकील गाठला. वकिलाने गॅझेट चाळून वऱ्हाडसाठीचा जाहीरनामा शोधला. तो निघालेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी ठोंबरे जिनात गेले तेव्हा मुनीमजींनी त्यांना खुर्ची दिली, पान पुढे केले आणि म्हणाले, "साहब, आपका कानून तो अभी नदी के उस पार खड़ा है।"

नुकसानीची तक्रार थेट कमिशनरकडे गेली. लागू नसलेला कायदा लावून धंदा बंद पाडला, असा आरोप. ठोंबऱ्यांनी जबाबात लिहिले, की मी वर्गात नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि वेगळे काही लागत नाही असे मला सांगण्यात आले.

मग मला विचारणा झाली. ही विचारणा कशी होती ते नीट सांगतो, कारण माझा खरा गुन्हा तिथे आहे. वर्गातली चूक ही घमेंडीची होती. ही समजून केलेली. मला विचारले होते, की तुमच्या वर्गाच्या छापील टिपणात 'दिल्लीचे कायदे वेगळ्या जाहीरनाम्याशिवाय वऱ्हाडास लागू होतात' असे विधान आहे काय. तसे विधान टिपणात नव्हते. मी उत्तर दिले: नाही.

वर्गात तोंडी काय सांगितले हे कुणी विचारले नाही. मी सांगितले नाही. प्रश्न जेवढा तेवढेच उत्तर, एक शब्द जास्त नाही, हे मी अमरावती-अकोल्याच्या शंभर माणसांना शिकवत आलो होतो. आमच्या धंद्यात त्याला कसब म्हणतात. वर्गातल्या इतरांपैकी एकदोघांना विचारले गेले, पण त्यांच्या लक्षात थट्टा राहिली होती, प्रश्न राहिला नव्हता. 'मास्तर काही तरी तिकिटाचे बोलले होते' एवढे एकाने सांगितले, आणि त्याचा काय अर्थ काढणार?

ठोंबऱ्यांवर ठपका आला, तोही दुहेरी. कायदा न समजता अंमल केला, आणि दोष दुसऱ्यावर ढकलण्याचा प्रयत्न केला. तहसीलदारीच्या यादीतून नाव गेले आणि बदली मेळघाटात झाली, सेमाडोहच्या बाजूला. तेव्हा तिकडे मलेरियामुळे कुणी खुशीने जात नसे. बदलीचा हुकूम हीच शिक्षा समजली जाई.

वऱ्हाडसाठीचा जाहीरनामा निघाला, पण हंगाम संपल्यावर. म्हणजे ठोंबऱ्यांनी जे केले तेच पुढच्या हंगामापासून सर्वांनी केले, आणि ते बरोबर ठरले. मधल्या काळात त्या बाया पुन्हा दिवे लावून रेच्यांवर उभ्या राहत होत्या. मेळघाटात जाण्यापूर्वी ठोंबरे बाजारात गेले असताना त्यांच्यातल्या एकीने त्यांना अडवले. हे मला अकोल्याच्या नाझरांनी सांगितले. ती म्हणाली, "साहेब, कायदा आला होता म्हंतात. गेला कुठी?" ठोंबरे बाजार न करताच घरी परतले म्हणे.

मी काय केले? पुढच्या वर्गापासून एक नवा धडा घातला. फळ्यावर वर्धा नदीची रेघ काढायची, पलीकडे दिल्ली आणि नागपूर, अलीकडे अमरावती, अकोला, आणि मधे पूल. कायदा पुलावर कसा थांबतो, परराष्ट्र खाते त्याला कसे अलीकडे आणते, हे सांगायचे. तो माझा सर्वांत नावाजलेला धडा झाला. दुसऱ्या जिल्ह्यांतून लोक मुद्दाम तो ऐकायला येत. एका साहेबांनी माझ्या सेवापुस्तकात त्याबद्दल चांगला शेराही मारला. धडा कुणापायी सुचला हे मी एकाही वर्गात सांगितले नाही.

ठोंबऱ्यांची बातमी अधूनमधून कानावर येई. मलेरियाने पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली. मग मूर्तिजापूरकडे बदली झाली, पण बढती नाही. ज्यांना त्यांनी काम शिकवले ते त्यांचे वरिष्ठ झाले. मग प्रकृतीमुळे नोकरी सोडली आणि गावी शेतीवर राहिले. प्रत्येक बातमीनंतर मी ठरवी, की पुढच्या अकोल्याच्या फेरीत जायचे. फेरी येई आणि मी वर्ग संपवून परतीची गाडी धरी. असे का केले याची कारणे मी पुष्कळ शोधली. एकही लिहिण्याजोगे नाही.

गेल्या वर्षी मी मुदतीआधीच पेन्शन घेतली. त्यानंतर थंडीत एका सकाळी त्यांच्या गावी गेलो.

घर साधे, धाब्याचे. अंगणात कापूस वाळत घातलेला. ठोंबरे खाटेवर बसले होते. अंग सुकलेले, पण आवाज तोच. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही.

"बसा मास्तर. लय दिवसानं वाट सापडली."

त्यांच्या पत्नी ओसरीच्या कोपऱ्यात तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी आत जाऊन चहा आणून दिला आणि परत सुपाशी बसल्या. पीकपाण्याचे बोलणे झाले. कापसाला भाव नाही, तूर बरी आहे. मग मी मनात घोळवून आणलेले वाक्य बोललो, की त्या वेळी वर्गात पूर्ण माहिती दिली जाण्याचे राहून गेले असावे, आणि त्यामुळे आपणास जो त्रास झाला त्याबद्दल मला खेद वाटतो.

ठोंबरे हसू लागले. खोकला आला तोवर हसले.

"मास्तर, हे त तुमी आमाले शिकवलेलं. 'राहून गेले असावे.' कोनाकडून राह्यलं, ते सांगाचंच नायी. मी याले पुरवणी प्रश्न विचारू का?"

मी म्हणालो, विचारा.

"मी नायी विचारत. मले सगळं ठाऊक हाये. हिले विचारू द्या." ते पत्नीकडे वळले. "हे मास्तर. ज्याईच्यावर मी ढकललं असं तू म्हंते, ते हेच."

बाईंचे सूप थांबले. त्यांनी पदर सारखा केला. त्या माझ्याकडे न पाहता बोलत होत्या. ठोंबऱ्यांच्या चौकशीच्या निकालाचा हुकूम आला तेव्हा तो त्यांच्या भावाने वाचून दाखवला होता, आणि त्यात 'दोष दुसऱ्यावर ढकलला' असे होते. सरकार उगाच कशाला लिहील? माहेरी, सासरी, सगळ्यांनी तेच धरले. मेळघाटात तापाने फणफणताना ठोंबरे म्हणत, की मी विचारले होते, मला तसेच सांगितले. आणि त्या म्हणत, पुरे आता, झाले गेले, किती दिवस दुसऱ्याला नावे ठेवाल. एवढी वर्षे हा एक विषय निघाला, की घरात अबोला होई. पुढे तर ठोंबऱ्यांनी तो काढणेच सोडून दिले.

मी तहसीलदारीचा, बदलीचा, पेन्शनीचा विचार करत आलो होतो. ही गोष्ट माझ्या हिशेबातच नव्हती.

बाईंनी विचारले, "भाऊ, यायनं तुमाले वर्गात पुसलं होतं, हे खरं का?"

"खरं आहे."

"आन् तुमाले उत्तर येत नोतं?"

"पक्कं येत नव्हतं. शंका आली होती. ती मी दाबली आणि यांची थट्टा केली."

"मंग सरकारनं तुमाले पुसलं, तवा कावून नायी सांगतलं?"

ठोंबरे अंगणातल्या कापसाकडे पाहत होते. या प्रश्नाला माझ्यापाशी एक आडवे उत्तर होते, की सरकारने ते विचारलेच नव्हते. ते जिभेवर आलेही.

"भ्यालो," मी म्हणालो. "माझी नोकरी जाईल म्हून भ्यालो. सांगतलं असतं त यायची तहसीलदारी वाचली असती. मले ते तवाच समजत होतं."

बाईंनी सूप बाजूला ठेवले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. ठोंबऱ्यांनी मान वळवली नाही. मी उठलो, दोघांच्या समोर उभा राहिलो आणि हात जोडले. नागपूरला, दिल्लीला जी भाषा मी कधी तोंडातून काढली नव्हती, तीच आली.

"वहिनी, यायनं कोनावर काई ढकललं नायी. सवाल यायचा बरोबर होता, चूक माही होती, आन् खोटं मी केलं. ठोंबरे, मी तुमच्या घरात तुमाले खोटं पाडलं. मले माफ करा."